कॅम्पिंगचा फ्रिज उन्हावर चालवायचाय? कोकण किनाऱ्यावर येणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी सरली की, आणि पुन्हा शाळांना सुट्ट्या लागल्या की, तेच प्रश्न फिरून येतात. सगळ्यात आधी येतो तो "किती वॉटचं पॅनेल घेऊ?" त्याचं उत्तर इथे तिसऱ्या क्रमांकावर आहे, कारण फ्रिजची भूक कळल्याशिवाय पॅनेलचा आकडा सांगणं म्हणजे माणसं न मोजता तांदूळ धुवायला घेणं.

१. "कार फ्रिज" म्हणून चार-पाच हजारांतही मिळतो आणि तीस हजारांतही. फरक काय?

फरक कॉम्प्रेसरचा. स्वस्तातल्या डब्यात कॉम्प्रेसर नसतो. त्यात एक चकती असते, वीज दिली की तिची एक बाजू गार होते आणि दुसरी तापते. हा डबा बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १५ ते २० अंशच खाली जातो. मे महिन्यात गुहागरला ३४ अंश असेल तर आत १४ ते १९. त्यात कोल्ड्रिंक बरं लागेल, दूध मात्र नासेल. शिवाय तो ४५ ते ६० वॉट अखंड खातो, मध्ये थांबत नाही. म्हणजे दिवसाला एक युनिटच्या वर. फ्रिजमध्ये वाचवलेले पैसे पॅनेल आणि बॅटरीत दुप्पट जातात.

कॉम्प्रेसरवालाही चालू असताना ४० ते ६० वॉटच घेतो, पण आत थंड झालं की बंद पडतो आणि गरज लागली की पुन्हा सुरू होतो. सगळी बचत त्या थांबण्यात आहे. खोक्यावर "उणे १८ अंश" किंवा "उणे २० अंश" असं लिहिलेलं असेल तर तो कॉम्प्रेसरवाला. "बाहेरच्या तापमानापेक्षा इतक्या अंशांनी थंड" असं लिहिलं असेल तर समजून जा. खालची सगळी उत्तरं १२ व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसर फ्रिज धरून दिली आहेत.

२. असा फ्रिज दिवसाला किती वीज खातो?

हिशोब वॉट-अवरमध्ये करा. १००० वॉट-अवर म्हणजे वीजबिलावरचं एक युनिट. ३५ ते ४५ लिटरचा फ्रिज, आत ४ अंश, बाहेर सावलीत ३२-३३ अंश, तर दिवसाला साधारण ३०० ते ४५० वॉट-अवर. तोच फ्रिज उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत ठेवलात तर ६०० च्या वर सहज जातो. उणे १८ वर लावलात तर जवळजवळ दुप्पट.

किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही: दमटपणा. झाकण उघडलं की गरम हवेबरोबर बाष्पही आत शिरतं, ते आतल्या भिंतींवर पाणी होऊन साचतं, आणि त्या बाष्पाचं पाणी करायलाही वीज लागते. फ्रिजच्या तळाशी साचलेलं पाणी म्हणजे पोरांनी झाकण किती वेळा उघडलं त्याचा हिशोब. झाकण वर उघडणारा पेटीसारखा फ्रिज घ्या, थंड हवा जड असल्यामुळे त्यात टिकून राहते. पुढून दार उघडणाऱ्यातून ती पायावर सांडते.

आणि अंदाजावर विसंबू नका. १२ व्होल्टच्या वायरमध्ये बसणारा छोटा वॉटमीटर मिळतो. निघण्याच्या आठवडाभर आधी फ्रिज बाल्कनीत ठेवा, भरलेल्या बाटल्या घाला, २४ तास चालवा आणि आकडा लिहून ठेवा. इथून पुढे मी ४०० धरतो. तुमचा आकडा वेगळा निघाला तर तो खरा.

३. मग किती वॉटचं पॅनेल?

२०० वॉट. शक्यतो १०० वॉटची दोन.

हिशोब असा: कोकणात नोव्हेंबर ते मे या उघडिपीच्या महिन्यांत दिवसभराचं ऊन एकत्र केलं तर साधारण ५ तासांच्या कडक उन्हाइतकं भरतं, मार्च-एप्रिलात सहाच्या जवळ जातं. १०० वॉटचं पॅनेल प्रत्यक्षात ७० देतं (का, ते प्रश्न ४ मध्ये). ७० गुणिले ५ म्हणजे ३५०, त्यातलं थोडं बॅटरीत जाता-येता गळतं, हातात उरतात ३०० च्या आसपास. ४०० ची भूक त्यात भागत नाही. दोन पॅनेलांत ६०० येतात, म्हणजे फ्रिज भागून फोन, दिवे आणि एखाद्या ढगाळ दुपारची तूटही निघते.

पण खरं सांगायचं तर शनिवार-रविवारपुरते येणार असाल तर पॅनेल घेऊच नका. १००० वॉट-अवरची बॅटरी घरून भरून आणा आणि फ्रिज घरच्या विजेवर आदल्या रात्रीपासून थंड करून, थंड सामानानेच भरून निघा. दोन रात्री निघतात. पॅनेल लागतं ते तिसऱ्या दिवसापासून.

४. पॅनेलवर १०० लिहिलंय, मीटर ७० च दाखवतो. फसवलं का?

बहुतेक वेळा नाही. १०० हा आकडा प्रयोगशाळेतला: दर चौरस मीटरला १००० वॉट प्रकाश आणि पॅनेलच्या पेशी २५ अंशांवर. एप्रिलच्या दुपारी पुळणीवर टाकलेल्या पॅनेलच्या पेशी ६० अंशांच्या पुढे जातात, आणि २५ च्या वरच्या प्रत्येक अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज कमी होते. तिथेच बारा-चौदा टक्के गेले. उरलेले धूळ, खाऱ्या हवेचा थर, चुकलेला कोन आणि वायर खातात. कडक दुपारी, नीट कोनात, ५० सुद्धा येत नसतील तर मात्र तक्रार करा. पॅनेलखालून वारा खेळू दिला, म्हणजे जमिनीला चिकटवून न टाकता उभं केलं, तर दोन-चार वॉट परत मिळतात.

५. बॅटरी किती मोठी? पॉवर स्टेशन घेऊ की साधी बॅटरी?

संध्याकाळी पाचला ऊन उतरतं, सकाळी साडेआठपर्यंत पॅनेल काही कामाचं देत नाही. या साडेपंधरा तासांत आपला ४०० वाला फ्रिज साधारण २६० वॉट-अवर खातो. म्हणून ५०० ची बॅटरी म्हणजे एक रात्र आणि थोडा जीव. ढगाळ दिवस मध्ये आला तर ७०० ते १००० हवी.

पॉवर स्टेशन म्हणजे बॅटरी, चार्ज कंट्रोलर (पॅनेलची वीज बॅटरीला मानवेल अशी करून देणारा) आणि इन्व्हर्टर एकाच डब्यात. महाग, पण जोडणीची कटकट नाही. स्वतः जोडणार असाल तर १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी १२८० वॉट-अवरची होते आणि ती जवळजवळ पूर्ण वापरता येते. इन्व्हर्टरची लेड-अ‍ॅसिड बॅटरी आणू का, असं बरेच जण विचारतात. आणता येईल, पण ती निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, आणि वाळूतून ती उचलून नेणाऱ्याचंही.

६. बॅटरी न घेता पॅनेल थेट फ्रिजला जोडलं तर?

नको. "१२ व्होल्टच्या" पॅनेलमधून उन्हात १८ व्होल्ट येतात, काही न जोडता मोजलं तर २१-२२. ढग आला की ते कोसळतात. कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर जास्त करंट ओढतो, तो पॅनेलला झेपत नाही. आणि रात्र आहेच.

७. घडीचं पॅनेल, काचेचं की वाकणारं?

गाडी शेवटपर्यंत जात असेल आणि टपावर कॅरिअर असेल तर काचेचं घ्या. वॉटमागे स्वस्त, खाऱ्या हवेत टिकाऊ, वर्षानुवर्षं चालतं. १०० वॉटचं काचेचं पॅनेल सात-आठ किलो भरतं, घडीचं चार-पाच. होडीतून किंवा पाखाडी उतरून जायचं असेल तर घडीचंच.

टपाला चिकटवायच्या वाकणाऱ्या पॅनेलबद्दल माझं मत वाईट आहे. खालून हवा जात नाही, पत्रा तापतो, पॅनेल भाजून निघतं आणि काही मोसमांत वरच्या थराला फोड येतात. शिवाय टपावर पॅनेल म्हणजे गाडी उन्हात, आणि फ्रिज गाडीत असेल तर प्रश्न २ मधले ६०० वॉट-अवर आलेच.

८. किनाऱ्यावर पॅनेल नेमकं कुठे आणि कसं लावायचं?

एक नियम लक्षात ठेवा: पॅनेल उन्हात, फ्रिज सावलीत, आणि मध्ये लांब वायर.

आपल्याकडे तंबू पडतो माडाखाली नाहीतर सुरूच्या बनात. सुरूची सावली विरळ दिसते, म्हणून लोक पॅनेल तिथेच टाकतात. पण पॅनेलमधल्या पेशी एकापुढे एक जोडलेल्या असतात. एका झावळीची सावली चार-पाच पेशींवर पडली तरी अख्ख्या पॅनेलची वीज निम्म्यावर किंवा त्याहून खाली येते. निम्मं पॅनेल उन्हात असलं म्हणजे निम्मी वीज मिळेल, असं नाही. म्हणून बनाबाहेर, पण भरतीच्या रेषेच्या वर. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी कालच्यापेक्षा पुढे येतं, हे गावातल्या कुणालाही विचारलं तर तो नेमकी जागा दाखवतो.

दिशा. रत्नागिरी साधारण १७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ५० अंशांच्या आसपासच चढतो, त्यामुळे पॅनेल आडवं टाकलंत तर दुपारची जवळजवळ पाव वीज गेली. तेव्हा ते दक्षिणेकडे तोंड करून चांगलं उभं करा, ४० अंशांच्या आसपास. मे महिन्यात उलट. पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात दक्षिण आणि मध्य कोकणात शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य बरोब्बर डोक्यावर असतो, त्यानंतर दुपारी थोडा उत्तरेकडेच कलतो. अशा वेळी "पॅनेल दक्षिणेकडे" हे पाठ केलेलं वाक्य विसरा आणि दुपारी आडवं ठेवा.

आता खास कोकणातली अडचण. पूर्वेला डोंगर किंवा सडा (कातळाचं पठार), त्याखाली माडांची रांग, मग पुळण. सकाळचं ऊन पुळणीवर उशिरा उतरतं, कुठे कुठे नऊ वाजतात. संध्याकाळी मात्र पश्चिम मोकळी, मावळेपर्यंत ऊन. म्हणून तीननंतर पॅनेल समुद्राकडे वळवणं फार फायद्याचं. पण नेमके तेव्हाच खारे वारे जोरात असतात, आणि समुद्राकडे तोंड केलेलं घडीचं पॅनेल म्हणजे शीडच. माझं एक असंच उडालं आणि खडकावर कोपरा आपटून त्यातली एक घडी कायमची मेली. चारही कोपऱ्यांच्या भोकांत दोरी ओवा आणि दोरीच्या टोकाला वाळूने भरलेल्या पिशव्या बांधा. पिशव्या पुळणीवर पुरल्या तर आणखी बरं. खुंट्या कोरड्या वाळूत धरत नाहीत.

सड्यावर तंबू ठोकणाऱ्यांना ऊन दिवसभर मिळतं, पण जांभा तापतो आणि फ्रिजला सावली मिळत नाही. तिथे फ्रिजवर पांढरी चादर ताणा, अंगाला चिकटू न देता, आणि त्याच्या जाळीसमोर एक वीत जागा मोकळी सोडा.

९. वायर किती लांब चालेल? जाडी किती?

पॅनेलची बाजू लांबवा, फ्रिजची नाही. १०० वॉटच्या एका पॅनेलमागे अडीचची (म्हणजे २.५ चौरस मिलिमीटरची) वायर १० मीटर टाकली तर १८ पैकी सुमारे ०.८ व्होल्ट वाटेत जातात, ते चालतं. दोन पॅनेलं समांतर (प्लसला प्लस, मायनसला मायनस) जोडून त्याच वायरवर आणली तर १.६ जातात, तिथे चारची वायर घ्या. फ्रिजकडे मात्र मुळात १२-१३ व्होल्टच असतात. तिथे अर्धा-पाऊण व्होल्ट गेला तरी फ्रिजला वाटतं बॅटरी संपली, आणि तो बंद होतो. बॅटरी भरलेली असताना फ्रिज "लो व्होल्टेज" दाखवत असेल तर आधी वायर आणि सिगारेट लायटरचा सॉकेट पाहा. हा सॉकेट हादऱ्यांनी ढिला होतो, गरमही होतो. फ्रिजमध्ये कटऑफचे, म्हणजे बॅटरी किती उतरली की बंद व्हायचं त्याचे, तीन टप्पे असतात. गाडीच्या बॅटरीवर चालवताना वरचा ठेवा, नाहीतर सकाळी गाडी ढकलावी लागेल. वेगळ्या बॅटरीवर खालचा.

१०. चार्ज कंट्रोलर एमपीपीटी प्रकारचा घेऊ की पीडब्ल्यूएम?

एमपीपीटी. पीडब्ल्यूएम पॅनेलचे १८ व्होल्ट सरळ बॅटरीच्या १३ वर ओढून आणतो आणि मधलं सोडून देतो. १०० चे ७२ तिथेच होतात, प्रश्न ४ मधली घट वेगळी. बहुतेक पॉवर स्टेशनांत एमपीपीटी आतच असतो, त्यांना वेगळा कंट्रोलर लावायचा नाही.

११. रात्री फ्रिज आपोआप बंद पडतो. बॅटरीत तर ६० टक्के शिल्लक असतात.

हा प्रश्न आठवड्याला एकदा तरी येतो. काही पॉवर स्टेशनांत वीज वाचवणारी सोय असते: काही वेळ कुणी वीज ओढली नाही की सॉकेट बंद. फ्रिज थंड होऊन थांबला, पॉवर स्टेशनला वाटलं काम झालं, त्याने सॉकेट मिटवला. पहाटे कॉम्प्रेसरला वीज हवी तेव्हा वीज नाही. सेटिंगमध्ये ही सोय बंद करा.

त्याच डब्यातली दुसरी चोरी: फ्रिज २३० व्होल्टच्या सॉकेटला लावणं. इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी स्वतः १०-२० वॉट खातो. १५ धरले तर दिवसाचे ३६०, म्हणजे जवळजवळ दुसरा फ्रिजच. १२ व्होल्टचाच सॉकेट वापरा.

१२. भर उन्हात चार्जिंग थांबतं. पॅनेल बिघडलं?

पॅनेल नाही, बॅटरी तापली. लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांपुढे चार्ज घेणं थांबवते. बंद गाडीत किंवा पॅनेलशेजारी वाळूवर ठेवलेला डबा तिथवर लवकर पोहोचतो. फ्रिजसोबत सावलीत आणा.

१३. पावसाळ्यात चालेल का?

नाही धरून चला. जुलैच्या दाट ढगात पॅनेल आपल्या आकड्याच्या दहा-वीस टक्के देतं, आणि तेही पाऊस थांबला तर. मेच्या शेवटच्या आठवड्यातले वळिवाचे ढग मात्र निभतात. आभाळ सगळीकडून सारखं पांढरं असेल तर पॅनेल आडवं ठेवा, कारण तेव्हा उजेड एका दिशेने येत नाही.

१४. मासळी ठेवायची आहे. त्यासाठी मोठा फ्रिज आणि जास्त पॅनेल घेऊ?

नका घेऊ. बर्फ घ्या.

एक किलो बर्फ वितळताना सुमारे ९३ वॉट-अवर उष्णता शोषतो. दहा किलो बर्फ म्हणजे जवळजवळ एक युनिट थंडावा, तोही वायर, पॅनेल, कंट्रोलर काही न लावता. हर्णै, मिरकरवाडा, मालवण अशा बंदरांच्या आसपास बर्फ मिळतो. मच्छीमार तोच वापरतात आणि त्यांना मासळी कशी ठेवायची ते आपल्यापेक्षा कळतं. उलट, ३० अंशांची पाच किलो मासळी कॅम्पिंगच्या फ्रिजमध्ये कोंबलीत तर ती ४ अंशांवर यायला तासन् तास जातात, तेवढ्यात दूध-दहीही कोमट होतं.

बांगडा, तारली, कुपा यांच्याबाबत हे नुसतं चवीचं नाही. असे मासे ऊबेत राहिले की त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं, आणि ते शिजवल्याने किंवा तळल्याने जात नाही. तोंड लाल होणं, डोकं ठणकणं, अंगावर पित्त उठणं हे त्याचेच प्रताप. म्हणून मासळी लिलावातून थेट फोडलेल्या बर्फात, थर्माकोलच्या पेटीत, वितळलेलं पाणी काढून टाकत. फ्रिज दूध, कोथिंबीर, सोलकढी आणि औषधांसाठी.

१५. आईचं इन्सुलिन बरोबर असतं. या फ्रिजवर विसंबून चालेल?

एकट्यावर नाही. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं, आणि गोठलं तर ते फेकावंच लागतं. कॅम्पिंगचा फ्रिज तळाशी आणि भिंतीजवळ शून्याखाली जाऊ शकतो, डिस्प्लेवर ४ दिसत असलं तरी. कुपी डब्यात घालून, रुमालात गुंडाळून, वरच्या भागात ठेवा आणि शेजारी वेगळा थर्मामीटर. वापरात असलेलं पेन ठरावीक दिवस फ्रिजबाहेर चालतं, पण किती दिवस आणि किती अंशांपर्यंत ते औषधागणिक बदलतं, डॉक्टरांना विचारून घ्या. पाण्याने भिजवून गार होणाऱ्या पिशव्या देशावर छान चालतात. कोकणच्या दमट हवेत पाणी उडतच नाही, त्यामुळे त्या फारशा गार होत नाहीत.

१६. माझ्याकडे ६० वॉटचं जुनं पॅनेल आहे. नव्या १०० ला जोडू का?

समांतर जोडा, दोन्ही १८ व्होल्टच्या जवळपास असतील तर. एकापुढे एक जोडलंत तर छोट्याचा करंट मोठ्यालाही बांधून ठेवतो. सारखी दोन असतील तर निवड जागेवर ठरवा: एकावर सावली येणार असेल तर समांतर, वायर लांब असेल तर एकापुढे एक. पण एकापुढे एक जोडली की व्होल्टेज ४४ पर्यंत जातं. तुमच्या पॉवर स्टेशनची मर्यादा आधी वाचा. काहींची २८ च असते, आणि ती ओलांडली तर डबा जळू शकतो.

१७. निसर्ग वादळानंतर आमच्याकडे कित्येक दिवस लाईट नव्हती. हाच संच घरच्या फ्रिजला चालेल?

३ जून २०२० चं वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यावर आदळलं, तेव्हापासून हा प्रश्न रायगड आणि दापोली-मंडणगडकडून हमखास येतो. उत्तर बरंचसं "हो" आहे. घरच्या फ्रिजच्या स्टार लेबलवर वर्षाची युनिटं लिहिलेली असतात. त्याला ३६५ ने भागा. २०० युनिटांचा एकदारी फ्रिज दिवसाला साडेपाचशे वॉट-अवरच घेतो, तुमच्या कॅम्पिंगच्या डब्याहून थोडासाच जास्त. अडचण सुरू होतानाच्या झटक्याची. जुना कॉम्प्रेसर क्षणभर नेहमीच्या कित्येक पट ओढतो आणि छोटं पॉवर स्टेशन बंद पडतं. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा फ्रिज हळूवार उठतो. घरी लाईट असतानाच एकदा लावून पाहा. आणि वादळानंतर चार दिवस आभाळ भरलेलंच असतं, तेव्हा प्रश्न १३ विसरू नका.

१८. पॅनेल कमी पडलं तर गाडीवर चार्ज करता येईल?

येईल, आणि येतानाच करा. १२ व्होल्टच्या सॉकेटमधून साधारण १०० वॉट निघतात. पुण्याहून ताम्हिणीमार्गे किंवा मुंबईहून महामार्गाने पाच-सहा तासांच्या वाटेत ५०० वॉट-अवर सहज जमतात, फ्रिज चालू ठेवूनही थोडी भर पडते. उभ्या गाडीचं इंजिन त्यासाठी तासभर घुरघुरत ठेवू नका. डिझेल जातं, आणि शेजारच्या तंबूतले लोक शिव्या घालतात.

१९. खारी हवा, वाळू: परतल्यावर काय करायचं?

पॅनेल गोड्या पाण्याने धुवा, आधी वाळू वाहून जाऊ द्या आणि मगच ओलं फडकं फिरवा. कोरड्या फडक्याने पुसलंत तर वाळूच सँडपेपर होते. घडीच्या पॅनेलचा पृष्ठभाग पाणी सोसतो, मागच्या कप्प्यातली यूएसबीची पेटी बहुधा सोसत नाही. जोडणीच्या पिनांवर हिरवट थर दिसला तर तो गंज आहे, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. विकत घेताना खाऱ्या धुक्याच्या चाचणीचा उल्लेख, आयईसी ६१७०१, दिसला तर चांगलं, घडीच्या पॅनेलांवर तो क्वचितच असतो.

बॅटरी निम्मी-पाऊण भरून ठेवा. फ्रिज पुसून, झाकणात लाकडी चमचा अडकवून थोडा उघडा ठेवा, नाहीतर पुढच्या दिवाळीत उघडाल तेव्हा मागच्या मेमधला बांगडा पुन्हा भेटेल.